अंगठा

नोव्हेंबरात आमच्या रामबाग शाखेत
माणसं आपण जिवंत असल्याचं सांगायला येतात.
तीन नंबरच्या खिडकीशी मी बसते,
मशीनवर अंगठा घेते,
हिरवा दिवा लागला की म्हणते, झालं, पुढच्या वर्षी या.
कुणी हसतं. कुणी म्हणतं, बघू.

आज वीज मंडळातले बळवंतराव किरकिरे आले.
आले म्हणजे आणले.
मागे शिरीष, कोपरापाशी धरून,
स्टँड मोडलेली सायकल धरावी तसा.
"बोला ना, विचारतायत त्या,"
आणि मी विचारायच्या आत उत्तरही त्यानंच दिलं.

मशीन अंगठा ओळखेना.
ऐंशीनंतर रेषा झिजतात, रोजचंच आहे.
शिरीषनं तो धरून दाबला.
पुन्हा दाबला.
नख पांढरं पडलं
आणि अंमळ जास्तच वेळ पांढरं राहिलं.
काका माझ्याकडे बघून हसले,
चूक त्यांचीच असल्यासारखे.

पूर्वी ते एकटे यायचे, लुनावरून,
सगळ्या काउंटरांना पुरेल इतका भुट्ट्याचा कीस घेऊन.
जिरावण वेगळं बांधलंय, म्हणायचे, बेतानं घाला.
बरोबर तिघे असायचे.
दोघे गेले, एक लेकीकडे पुण्याला.
आता कुणाचं नाव घेतलं तर काका आधी शिरीषकडे बघतात.
शिरीषची सियागंजातली नोकरी सुटली
त्याला दीड वर्ष झालं, हे आमच्या गार्डला ठाऊक,
संध्याकाळी तो कुठे बसतो तेही.
बायको उज्जैनला, माहेरी.
पेन्शन एक तारखेला येते,
तीन तारखेला खात्यात शंभर उरतात.
खात्यावरचा मोबाइल नंबर बदलला,
तो मीच बदलला.
सही थरथरती होती, पण जुळत होती.

सुटं सुटं घेतलं तर यात काही नाही,
घरोघरी असतं.
हे सगळं दोन खोल्यांत एकत्र कोंडलं की

फॉर्म ते विचारत नाही.
फॉर्म विचारतो, पुन्हा कुठे नोकरी धरली आहे काय?

शिरीषला म्हटलं, भिया, मशीन जरा स्लो आहे,
कूलरवरून पाणी पिऊन ये.
काकांचा अंगठा माझ्या रुमालानं पुसला,
फुंकर घातली,
आणि नुसता टेकवला,
पापड वाळला का बघताना टेकवतो तेवढाच.
हिरवा दिवा.

मनगटावर घड्याळ नव्हतं.
घड्याळाच्या जागी चार डाग,
जांभळ्याचे पिवळे होत चाललेले.
"काका, घरी..." एवढंच मी म्हणाले.
ते म्हणाले,
"लहानपणी तो फार आजारी असायचा हो."

शिरीष परत आला तो भरला ग्लास घेऊन, त्यांच्यासाठी.
ओठांशी धरला. हनुवटीवरचा ओघळ
स्वतःच्या बाहीनं टिपला.
हे मी कुठल्या रकान्यात घालू?

पावतीच्या मागे शाखेचा नंबर लिहिला, खाली माझा,
आणि काकांच्या खिशात चष्म्याच्या घरामागे सरकवली.
शिरीषनं पाहिलं.
त्यानं पाहिलेलं मी पाहिलं.
मग पुढचं टोकन.

आज सकाळी कचरागाडी आली
आणि आई परकर-पोलक्यावर जिना उतरू लागली,
तिसऱ्यांदा.
मला आठ-पन्नासची बस.
मी तिचं मनगट धरलं.
धरलं की ओढलं?
बाहेरून कुलूप घातलं, ते तिच्याच भल्यासाठी.
मी पीत नाही. मला तिच्या पैशाची गरज नाही.
माझी नोकरी पक्की आहे.
दिवसभर मी हे मोजते आहे,
शेवटच्या आठवड्यात शिल्लक मोजावी तसं,
आणि हिशेब दरवेळी वेगळा येतो.

घरी जाऊन आधी
तिची बाही वर सारून बघायची आहे.

बस आज कुठेच अडत नाही.
एकेक सिग्नल हिरवा.